खाणीचा पैसा कोणत्या खात्यात लिहायचा?

नाशकात राहून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "अभ्यासाच्या पुस्तकात एका पानावर नैसर्गिक साधनसंपत्ती हा विकासाचा पाया आहे असं वाक्य आहे आणि थोडं पुढे 'साधनसंपत्तीचा शाप' असा मथळा. बोट्स्वाना चांगलं उदाहरण, नाउरू वाईट, एवढं सांगून विषय संपतो. छोट्या देशाला खनिज, तेल किंवा पाणी लाभलं तर त्याचं भलं होतं की वाटोळं, हे नेमकं ठरतं कशावर? आणि गयानाला आता तेल सापडलंय, त्याचं काय होईल?"

मी पेशानं सनदी लेखापाल. उमेदीची बरीच वर्षं बोट्स्वानाच्या राजधानीत, गॅबरोनीत, काम केलं आणि आता नाशकात असतो. तेव्हा हे उत्तर हिशेबाच्या बाजूनं आलेलं आहे, हे आधीच सांगतो. माझ्या मते या प्रश्नाची किल्लीही तिथंच आहे.

खनिज हिऱ्याचं आहे की फॉस्फेटचं, यावर फारसं काही ठरत नाही. त्यातून आलेला पैसा सरकारनं आपल्या वहीत उत्पन्न म्हणून लिहिला की भांडवल म्हणून, यावर पुष्कळ ठरतं. समृद्धी महामार्गासाठी सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांत जमिनी गेल्या, तेव्हा अनेकांच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली. ज्यांनी दुसरीकडे शेत घेतलं, मुलांच्या शिक्षणात पैसा घातला, त्यांचा संसार चालू राहिला. ज्यांनी ती रक्कम पगारासारखी वापरली, त्यांच्या हाती शेतही उरलं नाही आणि पैसाही. खनिज विकणारा देश रोज थोडं थोडं शेतच विकत असतो. पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या रूढ आकड्यांत ही विक्री कमाई म्हणूनच दिसते. एक टन खनिज बाहेर काढलं की जीडीपी वाढतो, आणि जमिनीखाली एक टन कमी झाल्याची नोंद कुठेच होत नाही. निव्वळ उत्पन्न काढताना कारखान्यातल्या यंत्रांचा घसारा वजा करायची रीत जुनी आहे. खाणीची झीज वजा करायचं मात्र संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीनं अगदी अलीकडे, 2025 च्या आवृत्तीत मान्य केलं.

मग खाणीच्या पैशातला खरा खर्च करण्याजोगा भाग किती? जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ सलाह अल सेराफी यांनी 1980 च्या दशकात यासाठी एक साधं सूत्र दिलं. कल्पना अशी: खाण संपल्यावरही तेवढंच उत्पन्न कायम मिळत राहावं, इतकी रक्कम दरवर्षी बाजूला टाकायची आणि उरेल ते खर्चायचं. महागाई वजा जाता 3 टक्के परतावा धरला आणि खाणीत 20 वर्षांचा साठा शिल्लक असला, तर 100 रुपयांतले साधारण 46 रुपये खरं उत्पन्न ठरतं आणि 54 बाजूला पडायला हवेत. साठा 40 वर्षांचा असेल तर 70 रुपये खर्चता येतात. 10 वर्षांचाच उरला असेल तर फक्त 28. म्हणजे खाण संपत आली की सरकारनं हात आखडायला हवा. राजकारणात घडतं नेमकं उलट, कारण तोवर पगार, अनुदानं आणि परदेशी उपचारांची लोकांना सवय झालेली असते. वही आणि पेन घेऊन हे गणित स्वतः करून बघा. परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण मनातला गोंधळ जाईल.

आता 'छोटा' या शब्दाकडे येऊ. राष्ट्रकुल संघटना साधारण 15 लाखांपर्यंत लोकसंख्येच्या देशाला छोटा देश मानते आणि त्याहून मोठ्या काही देशांनाही त्यांच्या परिस्थितीमुळे त्याच यादीत धरते. बोट्स्वाना त्यांतलाच, लोकसंख्या सुमारे 25 लाख. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 61 लाख होती. एवढ्या लहान देशात एकच खाण किंवा एकच तेलक्षेत्र सरकारी तिजोरीचा मोठा हिस्सा बनतं. भारतात एखाद्या खनिजाचा भाव पडला तर दोन-चार जिल्हे होरपळतात आणि बाकीचा देश त्यांना सांभाळून घेतो. छोट्या देशाला सांभाळून घेणारा 'बाकीचा देश' नसतो. शिवाय घरची बाजारपेठ इतकी लहान असते की साबणापासून सिमेंटपर्यंत बहुतेक गोष्टी बाहेरून आणाव्या लागतात. मालदीवचंच बघा. समुद्र आहे, टूना मासा आहे, पर्यटन आहे. पण बांधकामाला लागणारी नदीची वाळू आणि खडी भारतातून जाते आणि त्यासाठी आपलं सरकार दरवर्षी वेगळा कोटा ठरवतं. त्याच कोट्यात कांदाही असतो.

नाउरू आणि किरिबाटी ही जोडी शेजारी ठेवून वाचावी, असं मला फार वाटतं. पुस्तकं एकट्या नाउरूचं नाव घेतात आणि त्यामुळे अर्धीच गोष्ट कळते.

नाउरू प्रशांत महासागरातलं 21 चौरस किलोमीटरचं बेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं फॉस्फेट काढायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांच्या संयुक्त आयोगानं ते चालवलं. बेटावरचं फॉस्फेट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांत खत म्हणून गेलं, तेही बाजारभावापेक्षा स्वस्तात. 1968 मध्ये नाउरू स्वतंत्र झालं आणि 1970 मध्ये खाणी त्यांच्या ताब्यात आल्या. सत्तरच्या दशकात फॉस्फेटचे भाव चढले आणि दरडोई उत्पन्नात हा देश जगात वरच्या रांगेत जाऊन बसला. प्राप्तिकर नव्हता. स्वतःची विमान कंपनी होती. मेलबर्नमध्ये 1977 मध्ये 52 मजली नाउरू हाउस उभं राहिलं. लंडनमधल्या एका संगीतिकेतही देशाचा पैसा गेला आणि बुडाला.

नाउरूकडे निधी नव्हता असं नाही. रॉयल्टी साठवायला ट्रस्ट होता आणि त्यात पैसाही बराच जमला होता. अडचण त्याच्या कारभारात होती. त्या पैशातून कोणती मालमत्ता घ्यायची हे कोण ठरवतं, तोटा कोण मोजतो, हिशेब लोकांसमोर कधी मांडला जातो, याला बंधन नव्हतं. सरकारची तूट भरायला ट्रस्टच्या मालमत्तेवर कर्ज काढलं गेलं. फॉस्फेट संपत आलं, कर्ज फिटेना, आणि 2004 मध्ये नाउरू हाउस विकावं लागलं. बेटाचा सुमारे 80 टक्के भाग खाणकामानं उकरून टोकदार चुनखडकाचं माळरान झाला होता. 2001 पासून ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्यांना आपल्या बेटावर ठेवून घेण्याचा करार हा नाउरूच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनला.

नाउरूवर सगळा दोष टाकणंही मला पटत नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या खाणकामानं झालेल्या नुकसानीसाठी त्यांनी 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि 1993 मध्ये 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. जी मलई पहिल्या साठ वर्षांत बाहेर गेली, तिच्यापुढे ही रक्कम किरकोळ होती.

किरिबाटी हा त्याच महासागरातला शेजारी, त्यालाही फॉस्फेटचंच धन लाभलेलं. बनाबा नावाच्या जेमतेम 6 चौरस किलोमीटरच्या बेटावर त्याच संयुक्त आयोगानं खाणी चालवल्या. 1956 मध्ये, ब्रिटिश अमदानीतच, या पैशातून एक राखीव निधी सुरू झाला. 1979 मध्ये खाण संपली आणि त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. म्हणजे स्वातंत्र्य हाती आलं तेव्हा खनिज संपलेलं होतं आणि निधी मात्र शिल्लक होता. तो आजही आहे. त्यातला पैसा परदेशी रोख्यांत आणि समभागांत गुंतवलेला असतो आणि तूट आली की सरकार त्यातून उचल घेतं. कधी जास्त उचल झाली, जागतिक मंदीत त्याला मारही बसला, पण तो बुडाला नाही. मालमत्ता कंटाळवाणी होती, इमारती आणि विमानं नव्हती, हे त्याचं मोठं कारण आहे. किरिबाटी श्रीमंत मुळीच नाही, तरी नाउरूसारखी दिवाळखोरी त्याच्या वाट्याला आली नाही. या हिशेबात एक नुकसान कधीच धरलं जात नाही, तेही सांगतो. बनाबाच्या मूळ रहिवाशांना 1945 मध्ये उचलून फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवलं. निधी देशाचा झाला, बेट त्यांचं गेलं. साधनसंपत्ती 'देशाची' असते असं आपण म्हणतो, तेव्हा ती जिथं सापडली तिथल्या माणसांचं काय झालं, हे विचारायचं राहून जातं.

याच दोन देशांकडून दुसरा एक धडा मिळतो आणि तो मला आशादायक वाटतो. फॉस्फेट संपलं, पण त्यांच्या भोवतीच्या समुद्रात टूना आहे. किरिबाटीचं सागरी क्षेत्र सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागापेक्षाही मोठं. पूर्वी परदेशी जहाजं प्रत्येक देशाशी वेगळा सौदा करून माशाच्या किमतीच्या मानानं चिल्लर देऊन जात. मग 1982 मध्ये या भागातल्या बेट-देशांनी नाउरूमध्ये करार केला, आणि 2007 पासून त्या गटानं जाळ्याच्या मोठ्या जहाजांसाठी दिवसागणिक परवाना सुरू केला. एकूण किती 'जहाज-दिवस' विकायचे ते गट ठरवतो, दिवसाचा किमान भावही गटच ठरवतो. तो भाव पुढे 8,000 डॉलरवर गेला. आज किरिबाटी सरकारच्या महसुलाचा सर्वांत मोठा वाटा या परवान्यांतून येतो. मासा तोच, समुद्र तोच, खरेदीदारही तेच. विकणाऱ्यांनी एकत्र बसून भाव ठरवला एवढाच बदल. आपल्याकडे द्राक्षं एकेकट्यानं विकणारा बागायतदार आणि संघातून निर्यात करणारा बागायतदार यांच्या पट्टीतला फरक दिंडोरी-निफाडमध्ये कुणालाही विचारा.

बोट्स्वानाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ते काम जवळून पाहिलं आहे.

1966 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. डांबरी रस्ते मोजून काही किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापा इथं हिरे सापडले. ज्या टापूत सापडले तो बामांग्वाटो जमातीचा, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या गादीचे वारस. 1967 च्या कायद्यानं जमिनीखालच्या खनिजाचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आला. स्वतःच्या जमातीचा हक्क सोडून तो सगळ्या देशाला देणारा नेता त्या क्षणी लाभला नसता, तर हिऱ्यांवरून जमातींत भांडणं लागली असती. आफ्रिकेत इतरत्र ती लागलेली आपण पाहिली आहेत.

दुसरं महत्त्वाचं पाऊल भागीदारीचं. सुरुवातीला सरकारकडे खाण कंपनीचा 15 टक्के हिस्सा होता. जमिनीत काय दडलंय याची कल्पना आल्यावर सरकार पुन्हा वाटाघाटीला बसलं आणि 1975 पर्यंत डी बीअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीशी निम्मी-निम्मी भागीदारी झाली. तीच आजची डेब्स्वाना. 1982 मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. मूल्याच्या दृष्टीनं ती जगातल्या सर्वांत श्रीमंत हिऱ्याच्या खाणींत गणली जाते. लाभांश, रॉयल्टी आणि कर मिळून नफ्यातला सुमारे 80 टक्के वाटा सरकारकडे येतो असं मानलं जातं.

हे टक्केवारीचं झालं. पण 80 टक्के कशाचे? इथं आमच्या पेशाचं काम सुरू होतं. कच्चा हिरा म्हणजे काही सोनं नव्हे, की आजचा भाव वर्तमानपत्रात छापून आला. प्रत्येक खड्याची किंमत आकार, रंग, स्वच्छता पाहून माणूस ठरवतो. विकणारा आणि घेणारा एकाच उद्योगसमूहातले असले, तर किंमत थोडी कमी लावणं दोघांच्याही सोयीचं, आणि नुकसान सरकारचं. म्हणून सरकारनं स्वतःचे मूल्य ठरवणारे तज्ज्ञ बाळगले. 2013 मध्ये डी बीअर्सचं कच्च्या हिऱ्यांच्या विक्रीचं काम लंडनहून गॅबरोनीला आलं. खर्चाच्या बाजूलाही तसंच असतं. यंत्रं, सल्लागार शुल्क, विमा, परदेशी मुख्यालयाचा खर्च यांची बिलं भगिनी कंपन्यांकडून येतात आणि नफा त्या बिलांतून हळूहळू बाहेर झिरपतो. छोट्या देशाला इथं सर्वांत जास्त फटका बसतो, कारण ती बिलं वाचणारी चार माणसं मंत्रालयात नसतात. कंपनीकडे वकिलांची फौज असते, समोर एक तरुण अधिकारी आणि एक टंकलेखक. बोट्स्वानानं बाहेरचे लेखापाल, अभियंते, भूगर्भशास्त्रज्ञ पगार देऊन आणले, भारतातूनही पुष्कळ आले, आणि आपली माणसं शिकेपर्यंत त्यांना ठेवलं. या एका निर्णयाचं कौतुक मला जितकं वाटतं तितकं कुणी करताना दिसत नाही.

तिसरी गोष्ट वहीची. बोट्स्वानाच्या अर्थखात्यानं एक निर्देशांक वापरला: रोजचा खर्च खनिजाशिवायच्या महसुलातून भागतो का? खनिजाचा पैसा रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने यांत जावा किंवा साठावा. शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्चही त्यांनी गुंतवणूक मानला. 1994 मध्ये भावी पिढ्यांसाठी पुला निधी उभा राहिला.

आणि तरीही आज बोट्स्वाना अडचणीत आहे. हे पुस्तकात नसेल, म्हणून मुद्दाम लिहितो. निर्यातीचा सुमारे 80 टक्के भाग अजूनही हिराच आहे. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांनी बाजार हलवला, चीनची मागणी घटली आणि 2024 मध्ये तिथली अर्थव्यवस्था सुमारे 3 टक्क्यांनी आकसली. सरकारी बचत झपाट्यानं आटली. त्याच वर्षी, स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष पहिल्यांदा निवडणूक हरला. जगातले दहापैकी नऊ हिरे ज्या सुरतेत पैलू पाडले जातात, तिथंच आता प्रयोगशाळेतले हिरेही बनतात. 2023 च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारनं त्याच्या संशोधनासाठी आयआयटीला अनुदान दिलं. ज्वानेंगचा खडा सुरतेत चकाकी घेतो आणि सुरतेतलाच दुसरा खडा त्याचा भाव पाडतो. खाणीचं आयुष्य मोजताना आपण 'साठा किती वर्षं पुरेल' एवढंच विचारतो. मागणी किती वर्षं पुरेल, हाही प्रश्न त्या सूत्रात धरायला हवा, आणि तो धरला तर बाजूला टाकायची रक्कम आणखी वाढते.

बोट्स्वानानं पैसा सांभाळला, पण दुसरा धंदा उभा करता आला नाही. समुद्र नाही, शेजारी दक्षिण आफ्रिकेसारखा बडा उत्पादक, बाजार लहान, पाऊस बेभरवशाचा. बेरोजगारी मोठी आहे आणि विषमता जगातल्या सर्वाधिक विषम देशांच्या रांगेत. खाण पैसा देते, नोकऱ्या फारशा देत नाही. यंत्रं मोठी होत जातात, माणसं कमी लागतात.

यातूनच 'डच डिसीज'कडे येता येतं. नेदरलँड्समध्ये 1959 मध्ये ग्रोनिंगेनला प्रचंड नैसर्गिक वायू सापडला. परकीय चलन भरभरून आलं, चलन महागलं, आणि तिथल्या कारखान्यांचा माल बाहेर विकणं अवघड झालं. 1977 मध्ये या दुखण्याला हे नाव मिळालं. चलनाचा दर बांधलेला असला तरी हे दुखणं येतंच, फक्त वेगळ्या दारानं, आणि त्याचं उदाहरण आपल्या शेजारी आहे.

भूतानचं चलन, नगुलट्रम, रुपयाशी एकास एक बांधलेलं. त्यांची साधनसंपत्ती म्हणजे उतारावरून कोसळणारं पाणी. 336 मेगावॉटचा चुखा प्रकल्प 1980 च्या दशकात भारताच्या मदतीनं झाला, त्यात 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज. ताला 1,020 मेगावॉटचा, 2006-07 मध्ये सुरू झाला, तोच वाटा. पुढे मांगदेछूला (720 मेगावॉट, 2019) वाटा उलटा झाला: 30 टक्के अनुदान, 70 टक्के कर्ज. वीज भारत विकत घेतो. पाणी खनिजासारखं संपत नाही, म्हणून घसाऱ्याचा प्रश्न इथं सौम्य आहे. पण धरणं बांधायला येणारा पैसा देशात शिरला की पगार वाढतात, बँका कर्ज देतात, गाड्या आणि घरं घेतली जातात, आणि यातलं जवळपास सगळं सामान भारतातून रुपये मोजून येतं. 2012 मध्ये भूतानकडे रुपयेच कमी पडले आणि आयातीला लगाम घालावा लागला. वीजनिर्मितीचं काम जोरात चाललेलं असताना हे घडलं. शिवाय हिवाळ्यात नद्या आटतात तेव्हा भूतान भारताकडून वीज विकत घेतो. आणि दरड कोसळल्यानं पुनात्सांगछू-1 हा वीजप्रकल्प वर्षानुवर्षं रखडला, तोवर कर्जावर व्याज चढत राहिलं.

छोट्या देशाचं परावलंबन आपल्या जिल्ह्यातूनही दिसतं. 8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं कांदा निर्यात बंद केली. लासलगाव, पिंपळगावला शेतकरी रस्त्यावर उतरले, ते आपल्याला आठवतं. पण त्या बंदीची झळ आयात करणाऱ्या देशांच्या स्वयंपाकघरांनाही लागली. पुढे ज्या सहा देशांसाठी 99,150 टनांची खास सवलत दिली गेली, त्यांत भूतान आणि मॉरिशसही होते. भूतानची वीज आपल्याकडे येते आणि कांदा इथून तिकडे जातो. पण वीज घेणारा बाजार एकच, आणि कांदा पाठवायचा की नाही हे ठरवणाराही तोच.

मॉरिशसचं नाव निघालंच आहे तर तिथं थांबू, कारण पुस्तकात या देशाला दोन ओळीही मिळत नाहीत. नाउरू आणि मॉरिशस दोन्ही 1968 मध्ये स्वतंत्र झाले. मॉरिशसकडे खनिज नव्हतं. ऊस पिकवणारी जमीन होती, आणि निर्यात म्हणजे जवळपास सगळी साखर. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी 1961 च्या अहवालात या बेटाचं भविष्य काळंकुट्ट रंगवलं होतं. मीड यांना पुढे नोबेल मिळालं, पण मॉरिशसनं त्यांचा अंदाज खोटा ठरवला.

1970 मध्ये निर्यात उद्योगांसाठी खास कायदा झाला. 1975 पासून युरोपनं ठराविक साखर जागतिक बाजारापेक्षा बऱ्याचदा चढ्या भावानं घ्यायची हमी दिली. ही हमी म्हणजे साधनसंपत्तीवरचा नफाच. सरकारनं साखर निर्यातीवर कर लावला आणि मळेमालकांनी उरलेला पैसा कापडाच्या गिरण्यांत आणि हॉटेलांत घातला. पुढे 2006 नंतर युरोपनं भाव टप्प्याटप्प्यानं 36 टक्क्यांनी उतरवला, तोपर्यंत बेटाचं पोट साखरेवर राहिलं नव्हतं. आता विशेष प्रतीची साखर विकतात, चिपाडावर वीज बनवतात. गणेश चतुर्थीला सुट्टी देणारा आणि मराठी बोलणाऱ्यांची जुनी वस्ती असलेला हा देश आपल्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत नसावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथं नशीबही होतं. कापडाला युरोपचा बाजार खुला होता, बेटाला बंदर होतं. बोट्स्वानाला यातलं काही नव्हतं, हे विसरून दोघांची तुलना करू नका. नॉर्वेची तर करूच नका. 1969 मध्ये तेल सापडलं तेव्हा त्यांच्याकडे जहाजबांधणी, शिकलेले लोक आणि दीडशे वर्षं जुनी संसद होती. त्यांचा निधी आणि दरवर्षी 3 टक्क्यांपर्यंतच खर्च करण्याचा नियम उत्तम आहे, पण तो नियम पाळणारी माणसं आधीपासून होती.

राहता राहिलं गयाना. लोकसंख्या सुमारे 8 लाख, त्यांत भारतीय वंशाचे लोक सर्वांत मोठा गट. 2015 मध्ये समुद्रात तेल सापडलं, डिसेंबर 2019 मध्ये बाहेर येऊ लागलं आणि 2022 मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात 60 टक्क्यांहून जास्त वाढली. या आकड्यानं भारावून जाऊ नका. आधी 2016 चा करार बघा. कंपन्यांना दर महिन्याच्या उत्पादनाच्या 75 टक्क्यांपर्यंत तेल खर्च वसुलीसाठी घेता येतं, उरलेलं निम्मं-निम्मं, आणि वर 2 टक्के रॉयल्टी. खर्च वसुलीची कमाल मर्यादा लागू असेपर्यंत 100 पिंपांतली सरकारला साडेबारा अधिक दोन, म्हणजे साडेचौदा. खर्च फिटला की वाटा वाढतो. त्यामुळे खर्च खरा किती, हाच कळीचा प्रश्न, आणि पहिल्याच लेखापरीक्षणात 2017 पर्यंतच्या सुमारे 170 कोटी डॉलरपैकी 21 कोटी 40 लाख डॉलरच्या खर्चावर आक्षेप निघाला. तो आक्षेप पुढे कसा निकाली निघतो, यावरून मला गयानाबद्दल जितकं कळेल तितकं जीडीपीवरून कळणार नाही.

निधी त्यांनीही केला आहे, 2019 मध्ये. 2021 मध्ये कायदा बदलून उचलीचं सूत्र नवं आणलं आणि 2024 मध्ये उचलीची मर्यादा आणखी वाढवली. पूल, रस्ते, दवाखाने बांधण्यासाठी पैसा लागतो, हे मला मान्य आहे. साठा मोठा असेल आणि देश गरीब असेल तर सुरुवातीला जास्त खर्चणं चूकही नाही. रस्ता नसलेल्या गावाला न्यूयॉर्कमधल्या रोख्यापेक्षा रस्त्याचा परतावा जास्त मिळतो. पण पाच वर्षांत दोनदा नियम सैल होतो तेव्हा तिसऱ्यांदाही तो होईल, असं धरून चालावं लागतं. भात आणि ऊस पिकवणाऱ्या भागांत मजूर किती दरानं मिळतो आणि तेलाबाहेरची निर्यात टिकते की घटते, हेही बघत राहा. गयानाचा अर्थसंकल्प इंटरनेटवर खुला असतो. तो उघडलात की निधीतली वर्षाची उचल खर्चाच्या कोणत्या बाजूला गेली, पगार-अनुदानाकडे की बांधकामाकडे, तेवढं आधी शोधा.